नॅनोफ्लुइड : गार पाण्यात चिमूटभर पावडर

टॉपिकच्या नावाआधी ‘नॅनो’ लावलं की सेमिनार निम्मा पास, हे आपल्या मेकॅनिकल डिपार्टमेंटमधलं उघड गुपित आहे. मीही या सेमिस्टरला तेच घेतलं: ‘नॅनोफ्लुइड वापरून डिस्ट्रिक्ट कूलिंगची कार्यक्षमता वाढवणे’. सेमिनार झाला, टाळ्याही पडल्या. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. आमच्या चौघांच्या ग्रुपला बी.ई.च्या प्रोजेक्टचं नाव महिनाअखेर द्यायचं आहे आणि दोघांचं म्हणणं आहे की हाच टॉपिक पुढे न्यावा. पावडरीचं कोटेशनसुद्धा मागवून झालं! मला मात्र दोन महिने पेपर वाचून आणि कॅल्क्युलेटर बडवून काही वेगळंच दिसायला लागलंय. होस्टेलमधली निम्मी जनता सध्या टॉपिकच्याच शोधात फिरते आहे, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते.

एक आधीच सांगते. मी कॉन्व्हेंटची. ‘उष्णतावाहकता’ हा शब्द मी पहिल्यांदा या लेखासाठीच लिहिला. व्हिस्कॉसिटीला कोशात ‘विष्यंदिता’ म्हणतात असं कळलं, पण तो शब्द उच्चारताना माझीच जीभ चिकटली, म्हणून मी सरळ ‘चिकटपणा’ म्हणणार आहे. मराठीच्या मॅडमनी समजून घ्यावं.

तर, डिस्ट्रिक्ट कूलिंग म्हणजे काय? आपल्या मेसचाच प्रकार. प्रत्येकाने खोलीत चोरून हीटर लावून मॅगी करायची, की एका मोठ्या स्वयंपाकघरात सगळ्यांचं जेवण करायचं? शहरातल्या प्रत्येक इमारतीने आपापले एसी लावण्याऐवजी एका प्लांटमध्ये मोठमोठे चिलर ठेवतात, तिथे पाणी ५-६ अंश सेल्सिअसपर्यंत गार करतात आणि जमिनीखालच्या जाड, इन्सुलेशन केलेल्या पाइपांतून ते इमारती-इमारतींना पोचवतात. तिथली उष्णता घेऊन पाणी १२-१४ अंशांवर परत येतं, पुन्हा गार होतं, पुन्हा निघतं. फायदा दुहेरी आहे. मोठा वॉटर-कूल्ड चिलर एक टन गारव्यासाठी साधारण ०.६ ते ०.७ किलोवॅट वीज घेतो, तर खिडकीतला किंवा स्प्लिट एसी एक किलोवॅटच्या वरच. शिवाय ऑफिसांना गारवा दुपारी लागतो आणि घरांना रात्री, त्यामुळे सगळ्यांची बेरीज करून तेवढी यंत्रं घ्यावी लागत नाहीत. मेसमध्येसुद्धा सगळे एकदम जेवायला येत नाहीत म्हणूनच ताटं कमी पुरतात ना! (रविवारची फीस्ट वगळून.)

जाता जाता, हा ‘टन’ एसीच्या वजनाचा नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन, म्हणजे ३.५१७ किलोवॅट. एकोणिसाव्या शतकात मुंबईतसुद्धा बोस्टनहून जहाजाने बर्फ यायचा. गारवा दुरून आणून विकायचा, ही कल्पना आपल्याला तशी नवीन नाही.

व्यापारी तत्त्वावर डिस्ट्रिक्ट कूलिंग अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात १९६२ साली सुरू झालं. पॅरिसमध्ये १९९१ पासून जाळं आहे आणि तिथे सीन नदीच्या पाण्याची मदत घेतात. टोरांटोत २००४ पासून ऑन्टारिओ सरोवराच्या तळाकडचं गार पाणी वापरतात. सिंगापूरच्या मरीना बे भागात २००६ पासून जमिनीखाली प्लांट चालतो. दुबईत एम्पॉवर ही कंपनी २००३ पासून याच धंद्यात आहे. आपल्याकडे गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत २०१५ पासून ही सोय आहे. पहिला टप्पा १०,००० टनांचा, आणि गार पाण्याचे पाइप माणूस चालू शकेल अशा बोगद्यातून नेले आहेत. हा विषय परदेशी लोकांची चैन म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरातल्या इमारतींत जी वीज जळते, तिचा जवळपास पाचवा हिस्सा एसी आणि पंखे खातात.

आता मुद्द्याकडे येऊ. या सगळ्या व्यवस्थेत पाण्याचं काम काय? पाणी म्हणजे डबेवाला. प्लांटमध्ये डबा भरायचा, इमारतीत रिकामा करायचा, परत यायचं. एका किलो पाण्याच्या डब्यात किती माल बसतो, हे दोन गोष्टींवर ठरतं: पाण्याचा विशिष्ट उष्मा (४.१८ किलोजूल) आणि जाताना-येताना तापमानात पडणारा फरक, म्हणजे आपला लाडका डेल्टा टी. गिफ्ट सिटीच्या पहिल्या टप्प्याएवढा १०,००० टनांचा प्लांट घ्या. म्हणजे ३५,१७० किलोवॅट. डेल्टा टी ८ अंश असेल, तर दर सेकंदाला सुमारे १,०५० लिटर पाणी फिरवावं लागतं. तोच ९ अंश केला, तर ९३५ लिटर पुरतं. फरक छोटा वाटतो? पाइप तेच ठेवून पंपाचा वेग कमी केला, तर पंपाची वीज प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात उतरते. आठ भागिले नऊचा घन काढा, ०.७ येतो. एका अंशाने पंपाची ३० टक्के वीज वाचली! हा आकडा आला तेव्हा मी तीनदा पडताळून पाहिला.

उलटंही तितकंच खरं आहे. डेल्टा टी ५ वर घसरला, तर प्रवाह जातो १,६८० लिटरवर. या दुखण्याला इंडस्ट्रीत ‘लो डेल्टा टी सिंड्रोम’ असं भारदस्त नाव आहे. आपल्या भाषेत, डबा अर्धाच खाऊन परत पाठवणं. डबेवाला तेवढाच दमतो आणि पोटं मात्र भरत नाहीत. कारणंही फार वैज्ञानिक नसतात: कॉइलवर बसलेली धूळ, जॅम झालेले व्हॉल्व्ह, चुकीचा सेट पॉइंट. एका इमारतीच्या चिलर रूममध्ये मी मुद्दाम जाऊन पाहिलं. पाणी ७ अंशांनी जात होतं आणि १० अंशांनी परत येत होतं, म्हणजे डेल्टा टी फक्त ३! ऑपरेटर काकांना विचारलं, “काका, हे एवढं कमी कसं?” ते म्हणाले, “अगं, व्हॉल्व्ह ऑटोवर ठेवला की वरून गरम होतंय म्हणून फोन येतात. म्हणून फुल उघडून ठेवलाय. कटकट नको.” काकांचंही चूक नाही. त्यांना फोन येतात, वीजबिल येत नाही.

आता नॅनो.

पाणी उष्णता साठवतं छान, पण पलीकडे देताना तसं आळशी आहे. त्याची उष्णतावाहकता ०.६ च्या आसपास (वॅट प्रति मीटर केल्विन), तर तांब्याची सुमारे ४००. मग पाण्यात धातूचा चुरा टाकला तर? ही कल्पना मॅक्सवेलने १८७३ मध्येच मांडून तिचं सूत्रही दिलं होतं. पण नेहमीच्या पावडरीचे कण जड, ते तळाशी बसतात, पाइप घासतात, गाळण्या तुंबवतात. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत स्टीफन चोई यांनी सुचवलं की कण नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके बारीक घ्या. मग पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनीच ते तरंगत राहतील. ‘नॅनोफ्लुइड’ हे बारसंही त्यांनीच केलं. २००१ मध्ये त्याच गटाने जाहीर केलं की इथिलीन ग्लायकोलमध्ये आकारमानाने फक्त ०.३ टक्के तांब्याचे कण घातले आणि वाहकता ४० टक्क्यांनी वाढली. मॅक्सवेलच्या सूत्राने ती जेमतेम एक टक्का वाढायला हवी होती! मग काय, पेपरांचा पाऊसच पडला. आपल्या आयआयटी मद्रासमध्ये सरित दास यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की २१ अंशांवरून ५१ अंशांपर्यंत गेलं, की हा फायदा दुपटी-चौपटीने वाढतो.

हे वाचून मीही हुरळले होते. पण जरा थांबून विचार करा: आपलं पाणी किती अंशांवर आहे? पाच! फायदा जर तापमानाबरोबर वाढत असेल, तर आपण नेमके शिडीच्या खालच्या पायरीवर आहोत.

आणि पुढे २००९ मध्ये तर गंमतच झाली. एमआयटीच्या जाकोपो बुओंजिओर्नो यांच्या पुढाकाराने जगभरातल्या तीसहून जास्त संस्थांना एकाच बॅचचे नमुने पाठवले गेले आणि सगळ्यांनी आपापल्या उपकरणांनी वाहकता मोजली. निष्कर्ष असा की चमत्कार काही नाही. मॅक्सवेलच्या घराण्यातली जुनी सूत्रं जे सांगतात, साधारण तेवढीच वाढ होते. इतक्या प्रयोगशाळांनी एकत्र बसून एकच गोष्ट मोजली, हे मला त्या चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भारी वाटतं. तरी आपल्याकडचे सेमिनार अजून २००१ मध्येच अडकलेले असतात.

बरं, चमत्कार नसला तरी थोडा फायदा तर होईल? चला, हिशोब करू. अॅल्युमिना घेऊ, कारण तो स्वस्त, आणि सगळे तोच घेतात. प्रमाण आकारमानाने २ टक्के. मॅक्सवेलच्या सूत्राने वाहकता सुमारे ६ टक्के वाढते. छान. पण अॅल्युमिनाचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, त्यामुळे मिश्रणाचा ४.१८ वरून ३.९२ वर येतो. घनता वाढते म्हणून लिटरमागे हिशोब केला तर जवळजवळ बरोबरी होते, पण ती अर्ध्या टक्क्याने खालीच. म्हणजे डबा मोठा झालाच नाही, किंचित लहान झाला! चिकटपणा आइनस्टाइनच्या सूत्राने ५ टक्के वाढायला हवा. प्रत्यक्ष मोजमापांत तो बऱ्याचदा जास्त निघतो, आपण २० टक्के धरू.

आता हे सगळे आकडे आपल्या पाठ असलेल्या डिट्टस-बोल्टर समीकरणात टाका. वेग तोच ठेवला, तर पाइपच्या आतला हीट ट्रान्सफर कोइफिशंट चिकटपणा ५ टक्के वाढला तर जेमतेम ४ टक्क्यांनी सुधारतो, आणि २० टक्के वाढला तर उलट २ टक्क्यांनी घटतो. पंपाला लागणारा दाब मात्र या दुसऱ्या बाबतीत ९ टक्क्यांनी वाढतो. एमआयटीमध्ये २००८ साली अॅल्युमिना आणि झिर्कोनियावर टर्ब्युलंट प्रवाहाचे प्रयोग झाले. त्यांचाही निष्कर्ष हाच होता की मिश्रणाचे खरे गुणधर्म मोजून नेहमीच्या सूत्रांत घातले, की उत्तर बरोबर येतं, वेगळी जादू लागत नाही.

आमच्या ग्रुपमधला एकजण इथे म्हणाला, “अगं, पण पाइपमध्ये कशाला, फायदा कॉइलमध्ये होईल ना!” मुद्दा बरोबर आहे. नॅनोफ्लुइडचं काम डबा मोठा करणं नव्हेच. ते तुम्हाला डबा पटकन आणि पूर्ण संपवायला मदत करू शकतं. कॉइलमध्ये उष्णता चांगली घेतली गेली, तर पाणी जास्त गरम होऊन परतेल, डेल्टा टी वाढेल आणि तो घनाचा फायदा मिळेल. तर कॉइलचाही हिशोब केला. एका बाजूला पाणी, कोइफिशंट ५,००० धरू. दुसऱ्या बाजूला हवा, फक्त ५०, आणि फिन लावून तिचं क्षेत्रफळ वीसपट केलेलं. रोध मोजले तर हवेचा पाण्याच्या पाचपट येतो. म्हणजे पाण्याची बाजू चक्क १० टक्के सुधारली, तरी कॉइल सुधारते दीड टक्का. अडलंय हवेपाशी, आणि आपण तेल घालतोय पाण्याच्या चाकाला. त्यापेक्षा कॉइलवरची धूळ ब्रशने झाडली तर?

नेटवर्क आणि इमारत यांच्यामध्ये जो प्लेट हीट एक्सचेंजर असतो, तिथे परिस्थिती बरी आहे, कारण दोन्हीकडे पाणीच. दोन्ही बाजूंना १०,००० आणि मध्ये अर्धा मिलिमीटर स्टेनलेस स्टील धरलं, तर एक बाजू १० टक्के सुधारल्यावर एकूण सुमारे ४ टक्के मिळतात. चिलरच्या इव्हॅपोरेटरमध्येही पाण्याची बाजू महत्त्वाची असते. पण इथे नवीन फास बसतो. इव्हॅपोरेटर आणि शहरभरचे पाइप यांत पाणी एकच! म्हणजे पावडर टाकायची तर सगळ्या नेटवर्कमध्ये. एक मीटर व्यासाचा पाइप, जाणारा एक, येणारा एक. किलोमीटरला १,५७० घनमीटर पाणी. त्याचे २ टक्के म्हणजे ३१ घनमीटर अॅल्युमिना, वजन १२५ टन. एका किलोमीटरला! आमच्या कोटेशनमध्ये भाव ग्रॅमवर दिला होता. पुढचा गुणाकार मी केला नाही.

आणि समजा पैसे आहेत. तरी कण तरंगत राहायला हवेत. त्यासाठी कणांवर सारखाच विद्युतभार असावा लागतो, म्हणजे ते एकमेकांना ढकलतात. अॅल्युमिनाच्या बाबतीत पाण्याचा पीएच ९ च्या आसपास आला की हा भार शून्य होतो आणि कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. आता जरा मेंटेनन्सवाल्यांना विचारा, बंद लूपमध्ये लोखंडी पाइप गंजू नयेत म्हणून पीएच किती ठेवतात? ९ ते १०! मला हा सगळ्या विषयातला सगळ्यात बोलका आकडा वाटतो. पेपरांमध्ये पीएच ४-५ वर ‘उत्कृष्ट स्थैर्य’ असल्याचे फोटो असतात. तसलं आम्लधर्मी पाणी मैलोन्‌मैल स्टीलच्या पाइपांतून फिरवायला कोण देईल?

हे मी केमिस्ट्री लॅबमध्ये करूनही पाहिलं. दोन बीकर, दोन्हीत तीच पावडर, तेवढंच ढवळलेलं. एकात अॅसिडचे थेंब टाकून पीएच साडेचार, दुसऱ्यात कॉस्टिकचे टाकून नऊ. रात्रभर ठेवून दिले. सकाळी पहिला बीकर दुधासारखा पांढरा, दुसऱ्यात वर स्वच्छ पाणी आणि तळाशी चुन्यासारखा थर. लॅब असिस्टंट दादा म्हणाले, “हे धुवायचं कोणी?” प्रश्न योग्यच होता. नेटवर्कमध्येही तोच पडेल. गळती झाली, व्हॉल्व्ह बदलायला पाणी सोडलं, की ती पावडर गटारात जाणार, आणि गाळण्यांमध्ये गोळे अडकणार. सरफॅक्टंट घालून कण तरंगते ठेवता येतात, पण मग फेस येतो, आणि गंजरोधक रसायनांशी त्याचं जमतं की नाही हे वेगळं तपासावं लागतं.

याचा अर्थ नॅनोफ्लुइड टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. एका इमारतीच्या छोट्या बंद लूपसाठी अॅल्युमिना मिसळलेले तयार द्रव आता बाजारात मिळतात, आणि दुबईच्या एम्पॉवरनेही गेल्या काही वर्षांत या तंत्राकडे वळल्याचं जाहीर केलं आहे. माझ्या मते खरी जागा आहे ती कमी लोडवर. कॉइलच्या १२ मिलिमीटरच्या नळीत पाणी अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने जातं तेव्हा रेनॉल्ड्स नंबर साडेचार हजारांच्या आसपास असतो. रात्री लोड उतरून वेग ०.२ वर आला, की तो दोन हजारांच्या खाली जातो आणि प्रवाह लॅमिनार होतो. गार पाणी आधीच चिकट असतं, त्यामुळे हे लवकर घडतं. लॅमिनारमध्ये उष्णता फक्त वाहकतेच्या जोरावर सरकते, तिथे पाण्याची बाजू खरोखरच अडसर बनते आणि ६ टक्के वाहकता म्हणजे सरळ ६ टक्के फायदा. सहाच, साठ नव्हे. पण तो मोजता येतो.

आणि कोणाला डबाच मोठा करायचा असेल, तर त्याने पावडर सोडून बर्फाकडे बघावं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल घेतो. पाण्यात २० टक्के बारीक बर्फाचा गोळा-सरबतासारखा लगदा मिसळला, तर नुसत्या वितळण्याचेच ६७ किलोजूल झाले. ८ अंश डेल्टा टीचं साधं पाणी देतं ३३. बर्फ करायचा तर चिलर जास्त खाली उतरवावा लागतो आणि त्याची वीज वाढते, हा त्यातला काटा आहे. तरी तो हिशोब करण्यासारखा आहे, आणि सिव्हिलच्या मुलांना पाइपांच्या व्यासाचाही अभ्यास होईल.

आमच्या ग्रुपमध्ये यावर अजून भांडण चालू आहे. दोघांना वाटतं की ‘नॅनो’ शब्द गेला तर एक्सटर्नल इंप्रेस होणार नाही. मी फॉर्मवर लिहिलेलं नाव असं आहे: ‘अंशतः लोडवर चिल्ड वॉटर कॉइलचा डेल्टा टी: स्वच्छ कॉइल, स्वयंचलित व्हॉल्व्ह आणि १ टक्का अॅल्युमिना यांची तुलना’. म्हणजे पावडर आहे, पण रांगेत तिसरी. पावडर लागेल जेमतेम किलोभर, कारण आमचा टेस्ट लूप वीस-पंचवीस लिटरचा आहे. उरलेल्या पैशांत एक फ्लोमीटर आणि अंशाच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारे चार सेन्सर बसतात. ऑपरेटर काकांनी रीडिंगसाठी संध्याकाळी सातनंतर यायला सांगितलंय, तेव्हा फोन कमी येतात म्हणे. फॉर्मवर चौथी सही बाकी आहे.